वेड पांघरलेल्या माणसाला सगळं दिसतं

दादरकर, नमस्कार.

उत्तराला आठ दिवस लागले, कारण तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तो चित्रपट पुन्हा पाहिल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं. मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'वर ट्रेव्हर नन यांनी १९९६ साली चित्रपट केला. जहाज फुटून परक्या किनाऱ्याला लागलेली व्हायोला पुरुषाचा वेष घेते, सिझारिओ या नावाने ड्यूक ऑर्सिनोच्या चाकरीला लागते, त्याच्याच प्रेमात पडते, आणि ज्या ऑलिव्हियाकडे ती त्याचे प्रेमनिरोप घेऊन जाते ती ऑलिव्हिया या 'मुला'च्या प्रेमात पडते. मी लिहिलं होतं की हे सोंग पडद्यावर टिकतं ते ऑलिव्हियाच्या घरच्या फेस्टे या विदूषकामुळे.

तुमचे आक्षेप तीन. कॅमेरा इतका जवळ येतो की व्हायोला झालेली इमोजेन स्टब्ज ही मुलगी आहे हे शेंबड्या पोरालाही दिसतं, मग ड्यूकला दिसत नाही हे पटायचं कसं? दुसरं, नाटक व्हायोलाचं आहे. बेन किंग्जलीसारखा मोठा नट आहे म्हणून मी फेस्टेला डोक्यावर घेतलं. आणि तिसरं, तुमच्याच शब्दांत, 'तमाशातल्या सोंगाड्याला ओढून आणून शेक्सपिअरच्या शेजारी बसवण्याची हौस.' शिवाय शेवटी एक प्रश्न आहे, त्याच्याकडे शेवटीच येते.

पहिल्या आक्षेपात माझी एक चूक तुम्ही पकडली आहे. 'रंगभूमीवर वेषांतर खरं वाटतं, पडद्यावर त्यासाठी कष्ट पडतात,' असं वाक्य माझ्या लेखात होतं. ते मागे घेते. रंगभूमीवरही वेषांतर खरं वाटत नाही, आणि वाटताही कामा नये.

लहानपणी आम्ही परळच्या चाळीत राहत होतो. गणपतीत अंगणात फळ्या टाकून रंगमंच व्हायचा आणि चाळकरीच वग बसवायचे. एका वर्षी दुसऱ्या मजल्यावरचे, गिरणीत साचेखात्यात काम करणारे एक काका गवळणीतली मावशी झाले होते. नऊवारी लुगडं, नाकात नथ, आणि हातांवर तेच राकट केस. समोर बसलेलं एक पोर मोठ्याने ओरडलं, "आई, हे तर आपले काका!" तर अख्खं अंगण त्या पोराला गप्प करायला लागलं. शूऽऽ, बोलायचं नाही. जणू काही गुपित फुटणार होतं. काका कोण आहेत हे तिथल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं, तरी ते गुपित सांभाळायची जबाबदारी सगळ्यांनी घेतलेली होती. तेवढ्यात सोंगाड्या झालेला गडी प्रेक्षकांकडे वळला आणि म्हणाला, "पोराला कळलं, पाटलाला कधी कळायचं?" त्यानंतर जो हशा उसळला, तो मला अजून ऐकू येतो.

वेषांतराच्या नाटकातलं सगळं गणित त्या एका क्षणात आहे. सोंग प्रेक्षकाला फसवायला नसतं, ते त्याच्या ओटीत टाकलेलं गुपित असतं. म्हणून 'ड्यूकला कसं कळत नाही' हा प्रश्न नाटकाच्या बाहेर पडल्यावर सुचतो. आत असताना आपण त्या अंगणातल्या बायकांसारखे शूऽऽ करत असतो. शेक्सपिअरच्या काळात तर व्हायोलाचं काम मुलगाच करायचा. मुलगा मुलगी झालेला, ती मुलगी पुन्हा मुलगा झालेली. बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको.

ननच्या चित्रपटाला हे चांगलं कळलेलं आहे. मूळ नाटकात नसलेला एक प्रसंग त्याने सुरुवातीला घातला. जहाजावर व्हायोला आणि तिचा जुळा भाऊ तोंडावर बुरखे घेऊन प्रवाशांसमोर गातात. बुरख्याखाली मिशी निघते, आणि ती मिशीही खोटी निघते. वादळ त्यानंतर येतं. म्हणजे व्हायोला केस कापते, छाती बांधते आणि पुरुषाची चाल शिकते त्याच्या आधीच आपल्याला सांगितलेलं असतं की ही मुलगी खेळ करणारी आहे. कॅमेरा जवळ गेला म्हणून गुपित फुटत नाही, ते आणखी जवळून सांभाळावं लागतं. कोठीत ऑर्सिनो आणि सिझारिओ शेजारी बसून फेस्टेचं गाणं ऐकतात आणि दोघांचे चेहरे नकळत जवळ येतात, तिथे मी खुर्चीत अवघडून बसले होते. व्हायोला मुलगी दिसते म्हणूनच तो प्रसंग इतका धारदार होतो. हुबेहूब मुलगा दिसली असती तर तिची तगमग आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

आता फेस्टे. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

या नाटकात ऑलिव्हियाच्या घरी आणि ऑर्सिनोच्या घरी, दोन्हीकडे सारखी ये-जा असलेली माणसं दोनच, व्हायोला आणि फेस्टे. दोघंही दुसऱ्याच्या घरी सोंग करून पोट भरतात. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दोघं समोरासमोर येतात. फेस्टे तिच्याकडून पैसे घेतो आणि आशीर्वाद देतो की देवाकडे पुढच्या खेपेला केस आले की त्यातली एक दाढी तुला मिळो. त्याने ओळखलंय की नाही हे शेक्सपिअर सांगत नाही. पण तो गेल्यावर व्हायोला म्हणते की हा माणूस वेड्याचं सोंग आणण्याइतका शहाणा आहे, आणि समोरच्याचा स्वभाव, वेळ, प्रसंग ओळखून थट्टा करायची हे काम शहाण्याच्या विद्येइतकंच कष्टाचं आहे. एका सोंग घेणाऱ्याने दुसऱ्याच्या कसबाला दिलेली ती दाद आहे. आपल्याकडे याला 'वेड पांघरून पेडगावला जाणं' असा वाक्प्रचारच आहे.

त्याचं पहिलंच काम बघा. भावाच्या दुःखात बुडालेल्या ऑलिव्हियाला तो विचारतो, शोक कशाला? भाऊ वारला म्हणून. तो नरकात असेल. नाही, स्वर्गात आहे. मग स्वर्गात गेलेल्या भावासाठी रडणारी वेडी, हिला घेऊन जा. याच प्रवेशात तो एक लॅटिन म्हण टाकतो: डोक्यावरून टोपडं घेतलं म्हणून कुणी साधू होत नाही. आणि पुढे सांगतो, रंगीबेरंगी झगा माझ्या अंगावर आहे, डोक्यात नाही. व्हायोला अजून या घरात पाऊलही टाकायची आहे, आणि वेष व माणूस यांच्यातलं अंतर फेस्टेने सांगूनही टाकलंय. हा माणूस नाटकाच्या कडेचा कसा?

किंग्जलीविषयी मात्र तुमचं थोडं बरोबर आहे. मोठा नट असला की आपली नजर त्याच्याकडे जाते. पण ननने फेस्टेला मुद्दाम बघणारा केलेला आहे. चित्रपटाची सुरुवातच त्याच्या आवाजाने होते, आणि कितीतरी वेळा तो कडेला उभा राहून नुसता पाहत असतो. याचं कारण मला असं वाटतं, की रंगभूमीवरचा विदूषक आपल्या बाजूचा असतो, कारण त्याला आपल्याकडे वळता येतं. पडद्यावर वळायला समोर कुणीच नाही. तिथे त्याचं शहाणपण दाखवायचं तर त्याच्या डोळ्यांतूनच दाखवावं लागतं. त्यात काही हातचं जातं हे मला मान्य आहे. आमच्या अंगणातल्या त्या गड्याने पोराच्या ओरडण्यावर तिथल्या तिथे जो टोला मारला, तो कुठल्याही कॅमेऱ्याला पकडता येणार नाही.

सर टोपसच्या प्रसंगात काय जातं आणि काय मिळतं ते दोन्ही दिसतं. खोट्या पत्रामुळे वेडा ठरलेल्या मॅल्व्होलिओला, ऑलिव्हियाच्या कारभाऱ्याला, अंधारात कोंडलंय आणि फेस्टे दाढी लावून, झगा चढवून, सर टोपस नावाचा पाद्री बनून त्याला छळायला जातो. मग ऑलिव्हियाची दासी मरायाच म्हणते, दाढी-झग्याशिवायही जमलं असतं, तो तुला बघतोय कुठे! ज्याला फसवायचं त्याला न दिसणारं वेषांतर. मग ते कुणासाठी? आपल्यासाठी. ग्लोबसारख्या उघड्या नाट्यगृहात खेळ दिवसाढवळ्या व्हायचे, अंधार फक्त शब्दांत असायचा, म्हणून तिथे हसणं सोपं होतं. पडद्यावर अंधार खराखुरा आहे आणि कोंडलेल्या माणसाचा आवाज कानाशी येतो. मला तिथे हसू आलं नाही. चित्रपटाने विनोद घालवला असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन की विनोदाच्या पोटात जे होतं ते बाहेर काढलं.

आता सोंगाड्याला शेजारी बसवण्याबद्दल. एकाने दुसऱ्याचं उचललं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. काम एकच आहे, एवढंच म्हणते. शेक्सपिअरच्या नाटक मंडळीत विदूषकाच्या कामाला आधी विल केम्प होता, नाचणारा, आयत्या वेळी पदरचं घालणारा. तो १५९९च्या सुमारास मंडळी सोडून गेला आणि रॉबर्ट आर्मिन आला, गाणारा आणि स्वतः लिहिणारा. फेस्टेसारखा बोलण्यात हुशार, गळ्यात गाणं असलेला विदूषक त्यानंतर घडला. नट बदलला तसं पात्र बदललं.

आपल्याकडेही हे घडलंय, फक्त उलट्या दिशेने. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार होते. त्या दिवशीच्या पेपरातली बातमी त्या रात्रीच्या प्रयोगात यायची, असं ते प्रयोग पाहिलेले आमच्या चाळीतले लोक सांगायचे. रंगमंचावरचा तो माणूस सगळं जाणून होता. पुढे १९७१ साली 'सोंगाड्या' आला. तो 'विच्छा'वर बेतलेला नाही, पण लेखणी सबनीसांचीच आणि नट तोच. आणि तिथला नाम्या कसा आहे? आईच्या धाकातला, भोळा, ज्याला काहीच कळत नाही असा. रंगमंचावर ज्याला सगळं कळत होतं, पडद्यावर त्याला काहीच कळेनासं झालं. मग शहाणपण गेलं कुठे? ते आपल्याकडे आलं. नाम्या निरागस चेहऱ्याने बोलतो, आणि त्या बोलण्यातला दुसरा अर्थ फक्त थिएटरमधल्या माणसांना कळतो. पडद्यावर वळून बोलता येत नाही या अडचणीतून दादांनी काढलेली वाट ननच्या वाटेपेक्षा पार वेगळी आहे, आणि मला ती कमी हुशारीची वाटत नाही. ही तुलना ओढूनताणून केलेली असेल तर असू दे, पण मला तिच्यातून दोन्ही कलाकृती जास्त कळल्या.

संस्कृतातलं एक उदाहरण मूळ लेखात राहून गेलं, ते इथे सांगते. 'शाकुंतला'त दुष्यंतही आश्रमातल्या मुलींना आपण राजा आहोत हे सांगत नाही, राजाने नेमलेला अधिकारी म्हणवतो. आपल्या मनातलं तो फक्त विदूषकाला, माढव्याला सांगतो, आणि त्याला राजधानीला परत पाठवताना घाबरून म्हणतो की ते सगळं थट्टेत बोललो, खरं मानू नकोस. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येते, तेव्हा माढव्याला दुसऱ्याच कामाला पाठवलेलं असतं. पुढे अंगठी सापडल्यावर राजा विचारतो, तू आठवण का दिली नाहीस? माढव्य म्हणतो, थट्टा आहे असं तुम्हीच सांगितलं होतं, माझ्या मातीच्या डोक्याला ते खरं वाटलं. विदूषक दरबारात नसला की केवढा अनर्थ होतो, हे कालिदासाने आधीच दाखवून ठेवलंय.

'बनवाबनवी'चा तुम्ही दाखला दिलात. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती लीलाबाई काळभोरांना पटते, आपल्याला मुळीच पटत नाही, आणि तरी १९८८पासून आपण ते गुपित सांभाळतोय. तो दाखला माझ्याच बाजूचा आहे.

मुंबईच्या पृथ्वी थिएटरला 'पिया बहुरूपिया' लागलं तर मात्र चुकवू नका. 'ट्वेल्फ्थ नाइट'चंच अमितोष नागपाल यांनी केलेलं हिंदी रूप, अतुल कुमार यांचं दिग्दर्शन, २०१२ साली लंडनच्या ग्लोबमध्ये खेळलेलं. गीतांजली कुलकर्णी व्हायोला आणि नेहा सराफ फेस्टे. नट मागे बसून असतात, उठतात, पात्र होतात, पुन्हा जाऊन बसतात. तुमच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तर तिथे माझ्यापेक्षा चांगलं मिळेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: 'एवढं कळतं तर तुम्ही या चित्रपटात काय बदललं असतं?' यावर मी दोन दिवस विचार केला. मूळ नाटकात व्हायोलाचे बायकी कपडे त्या जहाजाच्या कप्तानाकडे ठेवलेले आहेत आणि मॅल्व्होलिओच्या फिर्यादीमुळे तो कैदेत आहे. त्यामुळे शेवटी लग्न ठरतं तरी ती आपल्याला बाईच्या वेषात दिसतच नाही, ऑर्सिनोही जाता जाता तिला सिझारिओ म्हणूनच हाक मारतो. चित्रपटात मात्र शेवटी ती सुंदर झगा घालून नाचते. तो नाच मी काढला असता. तिला मुलाच्याच कपड्यांत ठेवलं असतं, आणि नाटकाच्या शेवटचं पावसाचं गाणं म्हणत निघालेल्या फेस्टेला दारात एकदा थांबवून तिच्याकडे बघायला लावलं असतं.