कोरियाच्या जावयांनी केलेला घात

माझ्या उजव्या तळहातावर फोड आलाय आणि त्याला दक्षिण कोरिया जबाबदार आहे.

होळीला सांगलीला, म्हणजे सासुरवाडीला, मी पोळ्या खायला गेलो होतो. जावई या प्राण्याकडून तेवढीच अपेक्षा असते. गेल्या वर्षी अधिक श्रावणात याच घरात मला पाटावर बसवून तेहतीस अनारसे दिले, चांदीचं निरांजन दिलं, आणि मी ‘कशाला, कशाला’ म्हणत दोन्ही पिशवीत भरलं. या खेपेला त्याच पाटावर बसवून माझ्यापुढं पुरणयंत्र ठेवलं. मधल्या काळात माझं कर्तृत्व कमी झालेलं नाही. बायकोनं आणि मेहुणीनं हॉलमधल्या टीव्हीवर ‘क्वीन ऑफ टिअर्स’ लावली, एवढंच झालं.

मालिका तेव्हा नवीकोरी होती, 9 मार्च 2024 ला सुरू झालेली. कोरियात टीव्हीएन वाहिनीवर शनिवारी-रविवारी रात्री नऊनंतर, म्हणजे आपल्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला लागायची आणि मग नेटफ्लिक्सवर यायची. एकूण सोळा भाग. दोघी बहिणींचे चार बघून झाले होते, पण आज्जींना पहिल्यापासून दाखवायचं ठरलं. आज्जी म्हणजे बायकोची आजी. वय विचारलं तर, “कोयनेचा भूकंप झाला तवा माजी चार पोरं झालती,” एवढंच उत्तर मिळतं. इंग्रजी वाचता येत नाही, कोरियन कळण्याचा प्रश्न नाही, त्यामुळं मेहुणी खालची अक्षरं वाचून मराठीत सांगणार आणि आज्जी निकाल देणार, अशी व्यवस्था होती.

गोष्ट अशी. होंग हे-इन ही क्वीन्स नावाच्या अवाढव्य उद्योगघराण्यातली नात, घराण्याचं डिपार्टमेंट स्टोअर चालवणारी. बेक ह्यून-वू हा योंगदू-री नावाच्या खेड्यातल्या गावप्रमुखाचा मुलगा, कायदा शिकून तिच्याच कंपनीत लागलेला. ती कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं. बिचारी साधी इंटर्न आहे, नोकरी टिकत नाही असं समजून तो तिला धीर देतो, की घाबरू नकोस, माझ्या घरी गुरंढोरं आहेत.

“किती?” आज्जींनी विचारलं.

“काय किती?”

“जनावरं.”

“आज्जी, ते महत्त्वाचं नाहीये.”

“पोरगी द्यायची म्हंजे बगाय नगं? आन् पान्याचं काय? हीर हाय का क्यानाल?”

मेहुणीनं शपथेवर सांगितलं, की विहिरीचा उल्लेख खालच्या अक्षरांत आलेला नाही. तेवढ्यात नायिका हेलिकॉप्टर घेऊन थेट त्याच्या गावातच उतरली आणि आज्जींचा पाण्याचा प्रश्न तात्पुरता मागं पडला.

इथवरची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही वाहिनीला दोन वर्षं पुरली असती. आपल्याकडं सोळा भागांत नुसती मेंदी वाळते. एक दार उघडतं, तीन वेळा तीन बाजूंनी उघडतं, आणि कोण आलंय ते सोमवारी कळतं. इथं मात्र लग्न उरकून आपण तिसऱ्या वर्षात पोचतो, तर नवरा वकील मित्रासमोर बसून घटस्फोट हवा म्हणून लहान पोरासारखा रडतोय. किम सू-ह्यून हा नट रडायला लागला की प्रेक्षकांतल्या बायका विरघळतात. माझी बायकोही विरघळली. मी लग्नात, व्हिसाच्या रांगेत आणि मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर रडलो आहे. तेव्हा कुणी विरघळल्याचं स्मरत नाही.

आणि मग तो प्रसंग आला.

होंगांच्या घरी पितरांची पूजा आहे. कोरियात तिला जेसा म्हणतात. पूर्वजांपुढं मेज मांडायचं, त्यावर कुठली ताटली कुठल्या दिशेला याचे नियम, लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला, आणि त्याबरोबर जॉन, म्हणजे पिठात-अंड्यात घोळवून तव्यावर परतलेल्या माशाच्या, भाज्यांच्या चकत्या. ढीगभर. तर या घराण्याची रीत अशी, की हा सगळा स्वयंपाक जावयांनी करायचा. मोठमोठ्या डिग्र्या घेतलेले बाप्ये ओळीनं बसून परततायत. पितर होंगांचे, आणि तव्यापाशी होंग आडनावाचा माणूस औषधाला नाही.

“थांबीव,” आज्जी म्हणाल्या.

मेहुणीनं थांबवलं. पडद्यावर एक जावई उलथनं घेऊन गोठला.

“ही बाप्ये कोन?”

“जावई आहेत गं त्या घरचे.”

“समदे?”

“समदे.”

“आन् बाया?”

“त्या नाहीत तिथं. जावयांनीच करायचं असतं.”

आज्जींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि टीव्हीकडं न बघता माझ्याकडं बघितलं. मग थोरल्या साडूंकडं बघितलं. आमचे साडू सरकारी खात्यात इंजिनिअर आहेत, संकट चार किलोमीटरवर असताना त्यांना वास येतो. आज्जींची मान वळायच्या आत त्यांचा हात कंबरेवर गेलेला होता.

“आई गं,” ते म्हणाले. कुणीही काहीही विचारलेलं नव्हतं.

मी आज्जींना शांतपणे समजावलं, की हा विनोद आहे. तिकडंही हे काम पिढ्यान्‌पिढ्या सुनांच्याच गळ्यात असतं. सण आला की कोरियातल्या सुनांची कंबर मोडते, इतकी, की 2022 साली सुंगक्युन्‌ग्वान या कन्फ्यूशियन परंपरेच्या मानाच्या संस्थेनंच जाहीर केलं, तळणी-परतणीचे पदार्थ करायची सक्ती नाही, नऊपर्यंतच पदार्थ झाले तरी पूर्वज रागावत नाहीत. मालिकेनं तेच उलटं करून दाखवलंय, म्हणून तर लोक हसतायत.

“मला न्हाई आलं हसू,” आज्जी म्हणाल्या. “जावयबापू, डाळ शिजल्या बगा. गरम हाय तवर वाटाय लागती.”

आता इथं घरातलं कुणीतरी मध्ये पडेल, अशी माझी रास्त अपेक्षा होती. सासूबाईंनी निदान ‘अहो, ते कसं करतील’ एवढं म्हणायला हरकत नव्हती. त्या म्हणाल्या, “गूळ घातलाय, आता चटका देऊन काढतेच.” बायकोकडं बघितलं, तर ती गोड आवाजात म्हणाली, “आपल्याकडं गौरी येतात तेव्हा सोळा भाज्या कोण चिरतं रे?” प्रश्न तिचा होता, पण उत्तर द्यायला सगळे माझ्याकडं बघत होते. मी उठलो.

पुरणयंत्र ज्यांनी फिरवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन पाय असतात, त्यातला एक कायम लंगडा. डाव्या हातानं भांडं दाबून धरायचं, उजव्या हातानं दांडा फिरवायचा, आणि पुरण जाळीतून खाली उतरण्याऐवजी पात्याच्या वर चढून आपल्याकडं बघत बसतं. मग दांडा उलटा फिरवायचा. मग सुलटा. यंत्र त्या नादात ताटासकट फरशीवरून दाराकडं सरकत जातं, त्याच्यामागून आपण पाटासकट सरकायचं. तोवर पुरण गार व्हायला लागतं आणि आतून सासूबाईंचा आवाज येतो, “जरा भराभरा हं.” ज्या माणसानं हे अवजार शोधलं त्यानं ते स्वतः वापरलं नसणार. बायकोला दिलं असणार.

हॉलमधून आवाज तेवढा येत होता. कोरियन मालिकांचं एक बरं असतं, नुसत्या आवाजावरून सगळं कळतं. पियानो सुरू झाला की डोळ्यांत डोळे. ठेच लागल्यासारखा ‘टुंग’ आला की विनोद. बाई गायला लागली की पाऊस किंवा छत्री. अधूनमधून साडूंचं समालोचन. दिवाणावर आडवे होऊन, पोटावर उशी घेऊन, त्यांनी आजवर एकही कोरियन मालिका न बघता त्या सगळ्यांची रचना समजावून दिली. मी चिकट पुरण खरवडत होतो आणि हा गृहस्थ शेंगदाणे खात सांगत होता, की या लोकांच्या जाहिराती गोष्टीतच घुसवलेल्या असतात, बघा, कोरियातली कुठलीही प्रेयसी शेवटी सबवेचं सँडविच खाते. हे खरं आहे, म्हणून जास्त राग आला.

मग पहिल्या भागाचा शेवट आला. तो ऐकायला मी हातातलं सोडून दारात उभा राहिलो, कारण या मालिकेची खरी करामत तिथं आहे. ह्यून-वू घटस्फोटाचे कागद घेऊन बायकोसमोर उभा राहतो. तो बोलायच्या आत ती सांगते, की मी मरणार आहे, तीन महिने उरलेत. आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख उमटायच्या आधी जे उमटतं ते निखळ हायसं वाटणं असतं. सुटलो! कोर्ट नाही, सासरे नाहीत, नुसते तीन महिने गोड वागायचं. त्या एका चेहऱ्यावर मी या मालिकेचे शंभर अपराध माफ करायला तयार होतो.

“त्यो हसाय का लागलाय?” आज्जी.

मेहुणीनं सांगितलं.

“बायकू मरायल्या आन् ह्यो हसतोय?”

“आज्जी, त्याला घटस्फोट मागायचा होता ना. आता मागावा लागणार नाही.”

“मग चांगलंच की.”

“चांगलं कसं? ती मरणार आहे.”

“मरती कशाला? सोळा खेळ हायती म्हनालीस नव्हं? हेलिकाप्टरचं पैसं घालून बसल्यात ती लोकं, बाई पैल्याच खेळात मारून परवाडतंय व्हय त्यांस्नी?” आज्जींनी पान जुळवायला घेतलं. “आन् म्हाताऱ्याच्या नावावर किती हाय? सात-बाऱ्यावर पोरीचं नाव लागलंय का?”

मी दारातून सांगितलं, की चेअरमन आजोबा अजून जिवंत आहेत, वाटणी झालेली नाही आणि संपत्तीवर सगळ्यांचा डोळा आहे.

“मग त्यो हसतोय त्ये बराबर न्हाई,” आज्जी म्हणाल्या. “आदी नाव लावून घ्याचं. मग हसाचं. जावयबापू, पुरान गार हुतंय.”

लग्न, मृत्यू आणि मालमत्ता या विषयांवर या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला लग्नाच्या याद्या होताना कळलं होतं. त्या दिवशीही यादीत माझ्या बाजूच्या दोन वस्तू कमी झाल्या होत्या.

पुढचे भाग मी घरी येऊन बघितले, तळहाताला बर्नोल लावून. पटकन सांगायचं तर मालिका बघण्यासारखी आहे. पार्क जी-उन या लेखिकेनं याआधी किम सू-ह्यूनलाच परग्रहावरून आलेला प्रियकर केलं होतं आणि नंतर एका श्रीमंत मुलीला पॅराग्लायडरसकट वाऱ्यानं उत्तर कोरियात नेऊन टाकलं होतं, त्या मानानं संसारात कंटाळलेला नवरा ही उडी लहान वाटते, पण अवघड तीच आहे. प्रेमात पडणारी माणसं कुणीही लिहील. प्रेमातून उठलेली, एकाच घरात दोन खोल्यांत झोपणारी, आणि आता एकमेकांशी खोटं गोड वागताना चुकून खरं वागायला लागलेली माणसं इथं दिसतात. हे-इन झालेली किम जी-वॉन तर चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता मोडून पडलेलं दाखवते. भाग मात्र सव्वा तासाच्या वर जातात, आणि सासरकडची माणसं, त्यांचे डाव, कोण कुणाच्या कंपनीचे शेअर गिळतंय, हे सगळं सुरू झालं की मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवते. शिकारीच्या वेळी रानडुक्कर अंगावर येतं आणि घटस्फोटाचे कागद तयार ठेवलेला नवरा नेमका बंदूक घेऊन हजर असतो, तिथं मी डोळे फिरवले. नावातच अश्रू आहेत, तेव्हा पुढं हसणं कमी होत जाणार ही भीती होतीच.

पण माझी तक्रार वेगळी आहे. ते कोरियन जावई निदान ओळीनं बसले होते. एकानं परतायचं, दुसऱ्यानं चिरायचं, तिसऱ्यानं कुरकुर करायची, सगळे एका पातळीवर. आमच्याकडं दोन जावई असून परतणारा एकच. रात्री होळीला नैवेद्य दाखवून पंगत बसली, तर पहिली पोळी, वर वाटीभर तूप, येळवणीच्या आमटीचा पहिला डाव, सगळं साडूंच्या ताटात. “पुरण झकास उतरलंय,” ते सासूबाईंना म्हणाले. सासूबाई लाजल्या. त्यांनी नुसती डाळ शिजवली होती. मी काही बोललो नाही, पण तिसऱ्या पोळीला हा मनुष्य वाकून स्वतः तूप वाढून घेत होता आणि कंबर त्याला कुठंही आडवी आली नाही, हे मी बायकोला तेव्हाच दाखवलं. ती म्हणाली, “तुझं लक्ष त्यांच्या ताटात का असतं?”

काल दुपारी आज्जींचा फोन. होळीनंतर मेहुणीकडून तोवर आलेले पुढचे भाग ऐकून झालेत, डुक्कर आवडलं, नवरा आता जरा माणसात आलाय असं मत आहे.

“पाडव्याला या,” म्हणाल्या. “श्रीखंड हाय. चक्का टांगाय सांगितलाय तुमच्या सासूला. फडक्यातनं गाळाय तुमी बसा.”

मी विचारलं, “आणि मोठे जावई?”

“त्येंची कंबर हाय नव्हं.”