पाळणाघरात वाढलेली मुलं दगड नसतात

कळव्याच्या ताईला सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तिने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "माझंच चुकलं का गं?" मेसेजचा मथितार्थ असा: पाळणाघरात ठेवलेली मुलं 'अव्हॉइडंट' (जवळीक टाळणारी, कुणावर विसंबायला कचरणारी) होतात, मोठेपणी त्यांच्यात करुणा उरत नाही, दोन वर्षांपर्यंत घडलं ते जन्मभर टिकतं, म्हणून लग्न जुळवताना जपून. ताईने वाशीला नोकरी केली, लेक पाळणाघरात वाढली. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून घर सांभाळणाऱ्या किती जणींच्या जिवाला हे लागलं असेल!

पाळणाघराचं आधी उरकते. अमेरिकेत हजारांहून अधिक बाळांवर झालेल्या 'एनआयसीएचडी' या तिथल्या सरकारी बालआरोग्य संशोधन संस्थेच्या अभ्यासाने १९९७ साली सांगितलं, की नुसतं पाळणाघरात ठेवल्याने बाळाचं आईशी नातं असुरक्षित होत नाही. पाळणाघर निकृष्ट असेल, आणि त्यात घरीही बाळाच्या रडण्याकडे लक्ष नसेल, तर धोका वाढतो. एवढं खरं.

आता 'करुणा उरत नाही' हे. मारिओ मिकुलिन्सर आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी इस्रायल आणि अमेरिकेत केलेले प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाले. एक बाई नकोशी कामं करत असते, मोठ्या कोळ्याला हात लावायची वेळ येते तेव्हा घाबरून थांबते. तिची जागा घ्याल का, असं बघणाऱ्याला विचारतात. अव्हॉइडंट वळणाची माणसं कमी पुढे आली, हे मान्य करावंच लागतं. पण ज्यांना आधी त्यांच्या आधाराच्या माणसाचं नाव, कळणारही नाही इतकं झर्रकन पडद्यावर दाखवलं होतं, त्यांच्यात कळवळाही वाढला आणि मदतीची तयारीही. नुसत्या नावाने जे हलतं, ते जन्माचं कसं ठरलं?

शिवाय अडचण बरेचदा माया देण्यात नसते, घेण्यात असते. पॉल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली करुणेच्या भीतीचे तीन प्रकार मांडले: दुसऱ्याला देण्याची, दुसऱ्याकडून घेण्याची आणि स्वतःला देण्याची. आधार मिळेल याची मनात खात्री नसलेल्यांना शेवटच्या दोन जास्त जड जातात. माझी भाची घणसोलीत मैत्रिणींबरोबर राहते. ताप आला की "मी बघते, तू येऊ नकोस" म्हणते, कपाळावर हात ठेवला तर मान काढून घेते. रूममेटला डेंग्यू झाला तेव्हा हीच मुलगी ऐरोलीच्या ऑफिसातून येताना तिच्यासाठी शहाळं आणत होती, प्लेटलेट्सचे रिपोर्ट स्वतः जाऊन घेत होती. हिला दगड म्हणायचं?

दोन वर्षांत शिक्का बसतो, हे तर बाळ आणि त्याला सांभाळणाऱ्याच्या नात्याची ही सगळी मांडणी मुळात करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बीही म्हणत नव्हते. माणसं आपल्याशी कशी वागतील याचा मनातला आडाखा पुढच्या नात्यांनी बदलू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. लग्नाच्या सल्ल्यावर मी शब्दही खर्च करणार नाही.

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी तो चुकीचा असल्याचं त्याच ग्रुपवर लिहावं. त्या ग्रुपवर रोज सकाळी बाळाला सोडून कामावर जाणाऱ्या मुली आहेत, आणि ती बाळं सांभाळणाऱ्या काकूही.