लोकसभेचा दिवस ‘वाया जातो’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं की एक मजकूर कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरू लागतो. तालमीच्या गटावर येतो, सोसायटीच्या गटावर येतो, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गटावर तर दोन-दोनदा येतो. सोबत लोकसभेतल्या रिकाम्या बाकांचा फोटो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सभागृहाचं एक मिनिट अडीच लाखांना पडतं, बाकं ओस असतात, खासदार फुकटात जेवतात, प्रश्नोत्तराचा तास म्हणजे नाटक, बजेट आपल्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेसारखं ‘मंजूर, मंजूर’ ओरडून पास होतं, बोलून एक रुपयाही बदलत नाही, आणि कोल्हापूरच्या वाट्याला शून्य. शेवटी सल्ला दिलेला असतो, की ही चर्चा बंद करा आणि बजेट तज्ज्ञांवर सोडा.

मी उद्यमनगरातल्या लहान कारखान्यांचे हिशेब लिहितो. वित्त विधेयक, म्हणजे बजेटमधले कराचे बदल असलेलं विधेयक, वाचणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. हा मजकूर पाठवणारे बहुतेक जण माझ्या ओळखीचे, चांगले, कष्टाळू लोक आहेत, आणि त्यांचा राग खोटा नाही. पण ज्या गोष्टींवर चिडायला हवं त्या या मजकुरात नाहीत, आणि ज्या आहेत त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

अडीच लाखांचं मिनिट

हा आकडा 2012 मधला. तेव्हाचे संसदीय कामकाज मंत्री पवनकुमार बन्सल यांनी तो सांगितला होता, आणि तोही सभागृह बंद पाडल्यामुळे होणाऱ्या नुकसानीबद्दल. आज तोच आकडा सभागृह चालल्याबद्दल तक्रार म्हणून फिरतो. असा आकडा काढायचा म्हणजे संसदेचा खर्च कामकाजाच्या मिनिटांनी भागायचा. यातला मोठा भाग पगार, सुरक्षा आणि इमारतीची देखभाल यांचा असतो. सभागृह बसलं नाही तरी तो होतोच. म्हणजे चर्चा बंद केल्यानं त्यातले फारसे पैसे वाचत नाहीत, उलट कमी मिनिटांनी भागल्यामुळे प्रत्येक मिनिट आणखी महाग पडतं.

तरी तो आकडा धरून हिशेब करू. सकाळी 11 ते संध्याकाळी 6, मधली जेवणाची सुट्टी वगळून सहा तास, म्हणजे 360 मिनिटं. दिवसाचे झाले 9 कोटी रुपये. केंद्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प 50.65 लाख कोटींचा होता. वर्षाच्या दिवसांनी भागलं तर रोजचा खर्च येतो सुमारे 13,900 कोटी. एवढ्या रकमेवर नजर ठेवणारी यंत्रणा दिवसाला 9 कोटींना पडत असेल, तर महाग कशाला म्हणायचं? सभागृह तहकूब होऊन गेलेलं मिनिट महाग. त्याबद्दल या मजकुरात एक अक्षर नाही.

ओस बाकं

नव्या लोकसभागृहात 888 जणांच्या बसण्याची सोय आहे आणि सदस्य आहेत 543. सगळेच्या सगळे आले तरी तीनशेहून जास्त जागा रिकाम्या दिसणार. शिवाय फोटो बहुधा दुपारनंतरचा असतो. सभागृह चालायला एक दशांश सदस्य पुरतात, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 100 मध्ये लिहिलं आहे; लोकसभेपुरती ही गणपूर्ती 55. काही खासदार त्या वेळी मंत्रालयात काम घेऊन गेलेले असतात, काही समितीच्या बैठकीत असतात. काही नुसतेच गैरहजर असतात, आणि त्यांना मी पाठीशी घालणार नाही. पण कोण हजर होतं हे फोटोवरून ठरवायची गरजच नाही. हजेरीपटावरच्या सह्यांची माहिती लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळते. आपल्या खासदाराचं नाव तिथं शोधायला पाच मिनिटं लागतात.

फुकट जेवण

संसदेच्या उपाहारगृहाचं अनुदान जानेवारी 2021 मध्ये बंद झालं. तिथल्या स्वस्त जेवणाचं जे दरपत्रक फिरतं, ते त्याआधीचं आहे. खासदारांच्या पगारावर जरूर बोला: महिना 1,24,000 रुपये, अधिवेशनात दिवसाला 2,500 रुपये भत्ता, आणि तो हजेरीपटावर सही केली तरच. वाद घालायचाच तर खऱ्या आकड्यांवर घालू.

प्रश्नोत्तराचा तास

इथं थोडं थांबतो, कारण आपलं खरं नुकसान या गैरसमजामुळे होतं.

सकाळी 11 वाजता जे टीव्हीवर दिसतं तो या तासाचा लहानसा भाग. त्या दिवसाच्या यादीत 20 तारांकित प्रश्न असतात. त्यांची उत्तरं मंत्री तोंडी देतो आणि सदस्य त्यावर उपप्रश्न विचारतात. तासाभरात त्यातले मोजकेच होतात, उरलेल्यांची उत्तरं लेखी मिळतात. आणि त्याच दिवशी आणखी 230 अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. म्हणजे एका दिवसाला जास्तीत जास्त 250 प्रश्न. टीव्हीवर गोंधळ दिसत असला तरी ही लेखी उत्तरं त्या दिवशी नोंदली जातात आणि कुणालाही वाचता येतात.

माहिती अधिकारात अर्ज करून महिनाभर वाट पाहणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, आधी लोकसभेची उत्तरं शोधा. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, इथेनॉलची खरेदी, यंत्रमागांच्या योजना, लघुउद्योगांची थकलेली येणी, या विषयांवर मंत्रालयांची लेखी उत्तरं वर्षानुवर्षांची पडून आहेत, बऱ्याचदा राज्यवार तक्त्यासकट. मंत्र्यानं लेखी दिलेलं उत्तर चुकीचं निघालं तर सभागृहाची दिशाभूल केल्याचा मुद्दा उभा राहू शकतो. ‘माहिती गोळा केली जात आहे’ एवढ्यावर मंत्र्यानं सुटका करून घेतली, तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ती मुदत अनेकदा पाळली जात नाही, हेही खरं. पण नोंद पुसली जात नाही.

नाटक म्हणणाऱ्यांनी 1957 साल आठवावं. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले, त्याबद्दल लोकसभेत प्रश्न आला. सरकारचं उत्तर गुळमुळीत होतं. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार, पण त्यांनी हा विषय सोडला नाही. न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावं लागलं. विमा हप्ते भरणाऱ्या लाखो सामान्य माणसांच्या पैशाची ती विचारपूस होती, आणि तिची सुरुवात सभागृहात विचारलेल्या प्रश्नानं झाली.

म्हणूनच 2020 च्या पावसाळी अधिवेशनात कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, फक्त लेखी उत्तरं राहिली, तेव्हा मला वाईट वाटलं. आमच्या गटांवर त्या दिवशी कुणी काही लिहिलं नाही.

‘मंजूर, मंजूर’

कारखान्याच्या सभेची उपमा कोल्हापूरकराला लगेच पटते. अहवाल हातात पडायच्या आत विषयपत्रिका संपलेली सभा आपण पाहिलेली असते. या मुद्द्यात तथ्य आहे, फक्त ते मजकुरात सांगितलंय तिथं नाही.

1 फेब्रुवारीचं भाषण ही नुसती सुरुवात. त्यानंतर सर्वसाधारण चर्चा होते. मग अधिवेशनाला मध्यंतर देऊन प्रत्येक खात्याच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, खासदारांच्या स्थायी समित्यांकडे जातात. या समित्या 1993 पासून आहेत. आज त्या 24 आहेत, प्रत्येकीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. तिथं सचिव समोर बसतो आणि गेल्या वर्षी दिलेले पैसे का खर्चले नाहीत, याचं उत्तर द्यावं लागतं. बैठक बंद दाराआड होते, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी कुणी ओरडत नाही, आणि वेगवेगळ्या पक्षांचे लोक बहुतेक वेळा एकमतानं अहवाल लिहितात. हे अहवाल छापले जातात. वस्त्रोद्योगाच्या मागण्यांवरचा अहवाल इचलकरंजीतल्या प्रत्येक यंत्रमागधारक संघटनेनं वाचावा असा असतो.

पुढं लोकसभेत मागण्यांवर मतदान होतं. सदस्य कपात सूचना देऊ शकतो: मागणी एक रुपयावर आणा म्हणजे धोरणच अमान्य, शंभर रुपये कमी करा म्हणजे एका विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधलं. मग मंजूर खर्चाचे पैसे काढायला परवानगी देणारं विनियोजन विधेयक, मग वित्त विधेयक. सरकारला एकत्रित निधीतून, म्हणजे आपल्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढायचा तर या वाटेनंच जावं लागतं, आणि अनुच्छेद 265 प्रमाणे कायद्याशिवाय कर बसत नाही. व्याज, न्यायाधीशांचे पगार असा भारित खर्च मतदानाला येत नाही. 2025-26 मध्ये नुसत्या व्याजाची तरतूद 12.76 लाख कोटींची होती. बाकीचा दत्तमत, म्हणजे मताला टाकावा लागणारा, खर्च मात्र लोकसभेच्या मताशिवाय हलत नाही.

आता खरी दुखणी. मागण्या शंभरच्या आसपास असतात आणि सविस्तर चर्चा होते ती मोजक्या मंत्रालयांवर. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उरलेल्या सगळ्या एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. मार्च 2018 मध्ये सगळ्या मागण्या चर्चेविना गेल्या. मार्च 2023 मध्ये पुन्हा तेच, गदारोळात. त्या दोन वर्षी ‘मंजूर, मंजूर’ ही उपमा अगदी लागू होती. यात सत्ताधाऱ्यांची घाई होती आणि गोंधळ घालणाऱ्यांचाही वाटा होता. पण चर्चा न झाल्याचा हा दोष चर्चाच बंद करून कसा जाईल? गिलोटिनची तक्रार करणाऱ्यानं चर्चेचे दिवस वाढवून मागायला हवेत. ‘तज्ज्ञांवर सोडा’ म्हणजे तर बारा महिने गिलोटिन.

बोलून एक रुपयाही बदलत नाही

हे साफ चूक आहे, आणि माझ्याकडं येणाऱ्या लोकांच्या खिशातली उदाहरणं देतो.

फेब्रुवारी 2016 च्या अर्थसंकल्पात भविष्य निर्वाह निधी काढताना त्यातल्या 60 टक्के भागावर कर लावायचा प्रस्ताव होता. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतल्या कामगाराची ती आयुष्यभराची शिल्लक. कामगार संघटना तापल्या, विरोधी बाकांवरून आवाज उठला, आणि 8 मार्चला अरुण जेटली यांनी लोकसभेत निवेदन करून तो मागे घेतला.

जुलै 2024 मध्ये घर-जमीन विकताना मिळणारा महागाई निर्देशांकाचा फायदा, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून करपात्र नफा कमी करण्याची सवलत, काढून घेण्यात आला. शिवाजी पेठेत वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर विकायला निघालेल्या माणसाला याचा मोठा फटका बसला असता. दोन आठवड्यांत वित्त विधेयकात दुरुस्ती आली: 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घर-जमिनीसाठी 12.5 टक्के सरळ किंवा निर्देशांकासह 20 टक्के, यातला जो कर कमी बसेल तो. 7 ऑगस्टला लोकसभेनं दुरुस्तीसह विधेयक मंजूर केलं. मार्च 2025 मध्येही सरकारनं स्वतःच्याच वित्त विधेयकाला 35 दुरुस्त्या आणल्या.

नुसत्या सभागृहातल्या भाषणांनी हे झालं असं मी म्हणत नाही. बाहेरचा दबाव होता, वर्तमानपत्रं होती. पण विधेयक मांडल्यापासून मंजूर होईपर्यंतचे ते दिवस मध्ये होते म्हणून दबावाला जागा मिळाली. तज्ज्ञांनी एका रात्रीत आदेश काढला असता तर दुरुस्ती कुठं मागितली असती?

कोल्हापूरला शून्य

सगळ्यात जास्त टाळ्या या वाक्याला मिळतात. उदाहरण बहुतेक वेळा कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेचं असतं. सुमारे 108 किलोमीटरचा हा मार्ग 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला आणि अजून त्यावरून गाडी धावलेली नाही. नाराजी रास्त आहे. पण दरवर्षी अर्थसंकल्पासोबत रेल्वेचं ‘पिंक बुक’ येतं, त्यात कोणत्या कामाला यंदा किती रक्कम ठेवली हे विभागवार छापलेलं असतं. मध्य रेल्वेच्या यादीतली ती एक ओळ पाहिल्याशिवाय शून्य म्हणायचं, की आकडा हातात घेऊन विचारायचं?

घाटाखालच्या लोकांनी हे कसं केलं ते जवळच आहे. मधु दंडवते 1971 ते 1991 राजापूरचे खासदार होते आणि कोकण रेल्वेचा विषय त्यांनी हातचा जाऊ दिला नाही. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं तेव्हा ते अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या 1998 मध्ये. आपला मार्ग जिथं जोडायचा आहे तो हाच.

प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून खासदाराच्या कार्यालयात अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच गेलं पाहिजे. आमच्या रंकाळ्याच्या गटासाठी मी मसुदा करून ठेवला आहे: वैभववाडी मार्गाला मंजुरीपासून वर्षवार तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, भूसंपादन कोणत्या टप्प्यावर, निविदा कधी, आणि उशीर असेल तर कारण काय. ज्यांना तो पाठवायचा आहे त्यांनी माझ्याकडून घ्यावा आणि आपल्या गावच्या प्रश्नाची त्यात भर घालावी.