'रस्त्यावरचा कोणीही' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की सार्वजनिक ग्रंथालयाचं सभासद होण्यासाठी स्थानिक पत्त्याचा पुरावा आणि जुन्या सभासदाची शिफारस, या दोन्ही अटी काढून टाकाव्यात. नाव, मोबाइल नंबर, कुठलंही एक ओळखपत्र आणि अनामत, एवढं पुरे. त्यावर 'एक जुना सभासद' या नावाने प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती इथे देते : "ताई, भावना छान आहेत, पण ग्रंथालय भावनेवर चालत नाही. काउंटरच्या आत तुम्ही कधी बसला असाल असं वाटत नाही. उद्या रस्त्यावरचा कोणीही येईल आणि पुस्तक घेऊन जाईल. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे कोण भरणार, तुम्ही? अनुदान वेळेवर येत नाही, ग्रंथपालाचा पगार निघत नाही. ज्याला खरंच वाचायचं असतं तो दोन सह्या आणतोच."

आधी एक चूक कबूल करते. लेखात दोन ठिकाणी मी 'सरकारी ग्रंथालय' असं लिहिलं, ते बरोबर नव्हतं. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं नोंदणीकृत संस्था चालवतात आणि 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे शासनाचं अनुदान मिळतं. शिवाय शिफारशीची अट सगळीकडे नसते, काही ठिकाणी आधार कार्डावरच काम होतं, हेही मी लिहायला हवं होतं. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता 'ताई, भावना छान आहेत' याबद्दल. एखादी बाई नियमाविषयी बोलायला लागली की ती भावनेनेच बोलते आहे असं गृहीत धरणं मी आयुष्यभर ऐकत आले आहे. माझ्या लेखात अटी होत्या, कायदा होता, अर्जातले रकाने होते. त्यातल्या एकाही मुद्द्याला तुम्ही हात लावला नाहीत. हेच लेखन एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावाने आलं असतं तर 'सर, भावना छान आहेत' असं तुम्ही लिहिलं असतं का? मला नाही वाटत.

आणि काउंटर. मी पुण्यात शिकत असताना तीन वर्षं एका ग्रंथालयाच्या देवघेव विभागात संध्याकाळी काम केलं आहे. पाच ते साडेआठ. तारखेचा रबरी शिक्का, जांभळं पॅड, पुस्तकाच्या मागच्या पानाला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, लाकडी ट्रेमध्ये आडनावाप्रमाणे लावलेली कार्डं. शिक्क्याची तारीख रोज संध्याकाळी आल्याआल्या बदलायची, नाहीतर परतीच्या हिशेबाचा घोळ होतो, हे मला अजून पाठ आहे. बोटांना लागलेली ती जांभळी शाई मेसमध्ये जेवताना दिसायची. मी कुठे बसले आणि कुठे नाही, हे ठरवण्याआधी एकदा विचारायचं होतं.

त्या तीन वर्षांत दोनदा साठा तपासणी झाली. दाखल नोंदवही उघडून एकीने नंबर वाचायचा आणि दुसरीने कपाटात पुस्तक शोधायचं. गहाळ पुस्तकांची यादी मी माझ्या हाताने फुलस्केप कागदांवर लिहिली. त्यात वसतिगृहातल्या मुलांची नावं होती, खोटं बोलणार नाही. पण सगळ्यात महागडी पुस्तकं, शब्दकोशांचे खंड, जाडजूड संदर्भग्रंथ, चित्रांची मोठी पुस्तकं, ही कुणाकडे होती? ज्यांच्या अर्जावर शिफारशीच्या सह्या सगळ्यात वजनदार होत्या त्यांच्याकडे. वसतिगृहातल्या मुलांना आम्ही स्मरणाची पोस्टकार्डं पाठवली. या मंडळींना पाठवू नका असा वरून निरोप आला, "त्यांना कसं विचारायचं?" तुम्ही विचारता, हरवलेल्या पुस्तकाचे पैसे कोण भरणार. माझ्या डोळ्यांदेखत ते कुणीच भरले नाहीत, आणि सह्या पक्क्या होत्या.

पण खरं म्हणजे मला लिहायला बसवलं ते तुमच्या एका वाक्याने. 'रस्त्यावरचा कोणीही.' शनिवारपासून ते डोक्यातून जात नाही.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मी दहावी होईपर्यंत आमची तीन गावं झाली, तिन्ही ठिकाणी भाड्याची खोली. 1991 साली, मी सहावीत असताना, एका तालुक्याच्या गावी बाबा मला वाचनालयात घेऊन गेले. ड्यूटी संपवून थेट आले होते, अंगावर खाकी, खांद्याला तिकिटांची पेटी. अर्ज भरला, अनामतीचे पैसे काढून टेबलावर ठेवले. तिथल्या गृहस्थांनी पैसे परत सरकवले आणि म्हणाले, गावातल्या दोन सभासदांच्या सह्या आणा, तुमचं काय, आज इथे, उद्या बदली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी अर्जाची चार घड्यांची घडी केली आणि पेटीत तिकिटांच्या गड्ड्यांखाली ठेवली. आम्हाला गावात येऊन दोन महिने झाले होते. दोन सभासद आम्ही कुठून आणणार होतो? घरमालकांना विचारलं तर ते म्हणाले, जबाबदारी नको बुवा.

पैसे नव्हते असं नाही. वाचायची इच्छा नव्हती असंही नाही. ओळख नव्हती. पुढची दीड वर्षं मी त्याच वाचनालयाच्या मुक्तद्वार विभागात, म्हणजे सभासद नसलेल्यांनाही जिथे बसून वाचता येतं तिथे, रविवारच्या पुरवण्या वाचल्या. बाकावर बसलं की समोर काचेची कपाटं दिसायची. पुस्तकांचे कणे, त्यांच्यावर पांढऱ्या चिकटपट्ट्या, पट्ट्यांवर नंबर. काही नंबर मला पाठ झाले होते. आत काय आहे ते माहीत नव्हतं. तेव्हा 'ज्याला खरंच वाचायचं असतं तो दोन सह्या आणतोच' हे वाक्य तुम्ही माझ्यासमोर म्हणू नका.

आज रस्त्यावरचा तो 'कोणीही' म्हणजे कोण, जरा नीट बघा. बीड-नगरकडून दिवाळीनंतर निघून पाच-सहा महिने कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, राहणारं ऊसतोड कुटुंब आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी. अभ्यासिकेसाठी खेड्यातून आलेला, कॉट बेसिसवर राहणारा मुलगा, ज्याचा घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार नाही. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई, जिच्या आधारवर अजून सासरचा पत्ता आहे. बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा कामगार. यांच्याकडे फोन आहे, नाव आहे, शंभर-दोनशे रुपये अनामत भरायची तयारी आहे. फक्त लाइट बिल दुसऱ्याच्या नावावर आहे.

आणि पैसा कुणाचा, हेही बोलूया. तमिळनाडूत 1948 च्या कायद्याने आणि कर्नाटकात 1965 च्या कायद्याने मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. आपलं अनुदान राज्याच्या तिजोरीतून येतं. म्हणजे साइटवरच्या कामगाराने साबणाच्या वडीवर भरलेला करसुद्धा त्यात आहे. तो आपल्या वाट्याचं भरतो आणि दारात आल्यावर तुम्ही त्याला रस्त्यावरचा म्हणता. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात 1910 साली अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, तेव्हा गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली जात होती. कवळाण्यासारख्या खेड्यात जन्मलेल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी सुचलं की पुस्तकाने वाचकाकडे जायला हवं. आपण मात्र अजून दारात उभ्या असलेल्या वाचकाला ओळख विचारतो आहोत.

अनुदान उशिरा येतं आणि ग्रंथपालांना मिळणारं मानधन लाज वाटावी इतकं कमी आहे, हे खरं आहे. त्यावर वेगळं लिहीन. पण ग्रंथपालाचा पगार वाढावा म्हणून ऊसतोड कामगाराच्या मुलीला कार्ड नाकारावं, हे कुठलं गणित? मी वर्गणी माफ करा असं कुठेही लिहिलेलं नाही, अनामत घेऊ नका असंही नाही. नवीन माणसाला पहिले तीन महिने एकच पुस्तक द्या, ते वेळेत परत आलं की दोन द्या. तेवढा धोका कुठल्याही ग्रंथालयाला झेपतो. हा लेखातला चौथा परिच्छेद होता, तुम्ही तिथपर्यंत वाचलं असतं तर कळलं असतं.

शेवटच्या ओळी जरा तिखट झाल्या, मला कळतं आहे. तशाच ठेवते.

तुम्ही तुमच्या वाचनालयाचं नाव लिहिलं नाहीत आणि मी विचारणार नाही. एकच विनंती आहे. तुमच्या इथला सभासदत्वाचा कोरा अर्ज काढा आणि बघा, 'शिफारस करणाऱ्या सभासदाची सही' ही ओळ त्यावर छापलेली आहे का. असेल तर ती कोणत्या वर्षी आणि कुणाला बाहेर ठेवायला घातली, हे तुमच्या कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत विचारा. मिळालेलं उत्तर इथे लिहा. मी जसंच्या तसं छापेन.