मे महिन्यात पाणी कोण घालणार?

निवडणूक आली की उमेदवार रोपं घेऊन आमच्या गेटवर हजर! फोटो काढतात, हात जोडतात, जातात. मागच्या खेपेची रोपं पाण्यावाचून वाळली, त्याचं काय? आणि बॅनर कुठे, तर नाक्यावरच्या पिंपळाला खिळे ठोकून. अहो, खोडाला जखम होते, तिथून कीड शिरते! जीव जळतो बघून.

मुंबईत आरेच्या जंगलात ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री करवती चालू झाल्या, २,००० हून जास्त झाडं गेली. विधानसभेचं मतदान तेव्हा १७ दिवसांवर होतं. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी घराघरांत शिरली, तरी पुराचं पाणी अडवणाऱ्या खारफुटीवर भराव पडतोच आहे. आता दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारणार: या रोपाला मे महिन्यात पाणी कोण घालणार?