लॅपटॉपचं नेट घेतलं की ओटीपी चोरीला जातो म्हणे!

परवा मावशी पडली. राजापूर तालुक्यातल्या तिच्या वाडीत घरामागे सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे, आणि पावसात त्या जांभ्यावर असं शेवाळ धरतं की बकऱ्यासुद्धा जपून पाय टाकतात. डोंबिवलीच्या लेकीला फोन लावायला ती एका हातात छत्री आणि दुसऱ्यात मोबाइल घेऊन सड्यावर गेली, कारण रेंज येते ती फक्त तिथल्या वडाखाली. घोटा मुरगळला. हाड वाचलं.

मला राग शेवाळाचा आला नाही. मावशीच्या घरात इंटरनेट आहे. तिचा मुलगा घरूनच नोकरी करतो, त्यासाठी केबलवाल्याने फायबर आणून दिलंय. भिंतीवरच्या डब्याला वाय-फाय नाही, एकच लॅनचं भोक आहे, त्यातून वायर थेट लॅपटॉपला. लॅपटॉपवर हॉटस्पॉट, म्हणजे आपलं नेट वाय-फायने पुढे वाटायची सोय, चालू केला की मावशीच्या मोबाइलला घरातच नेट मिळतं. सहा महिने हे सुखेनैव चाललं होतं. मग तिच्या माहेरवाशिणींच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि तिने दुसऱ्या मिनिटाला फोनचं वाय-फाय बंद करून टाकलं. पोराला बोलली नाही, ‘त्याला वाईट वाटेल’ म्हणून. आठवडाभर सड्यावर जात राहिली.

मेसेज लांबलचक आहे, ‘सायबर तज्ज्ञांचा इशारा’ या मथळ्याचा. तज्ज्ञाचं नाव नाही. त्यातले मुद्दे असे: लॅपटॉपचं नेट मोबाइलला घेतलं की फोनमधले फोटो, ओटीपी आणि बँकेचा पासवर्ड लॅपटॉपमध्ये उतरतात. विंडोजमध्ये ही सोय मुळात नाही, त्यामुळे सुरक्षित नेटसाठी खालच्या लिंकवरचं ॲप घ्यावं. नव्या टेलिकॉम कायद्याने असं नेट वाटणं गुन्हा आहे, तीन वर्षं कैद. रेडिएशन दुप्पट होतं. आणि लॅपटॉपची बॅटरी फुटते.

ओटीपीपासून सुरुवात करते, कारण मावशी त्यालाच घाबरली.

साधारणपणे ओटीपी एसएमएसने येतो, म्हणजे सिमकार्डच्या कंपनीच्या टॉवरवरून. तुमचं वाय-फाय लॅपटॉपचं असो की शेजाऱ्याचं, त्याचा त्या वाटेशी संबंध नाही. याला एक अपवाद आहे, आणि तो मेसेजवाल्याला ठाऊक असता तर त्याने तोही वापरला असता. फोनमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू असेल तर कॉल, आणि काही फोनांत एसएमएससुद्धा, वाय-फायवरून येतात. आपल्याकडे एअरटेल आणि जिओने ही सोय २०१९ अखेर आणि २०२०च्या सुरुवातीला आणली. पण ते सगळं फोन आणि कंपनी यांच्यातल्या कुलूपबंद बोगद्यातून जातं. मधल्या लॅपटॉपला बोगदा आहे एवढंच कळतं, आत काय चाललंय ते नाही. उलट, मावशीच्या घरात जिथे टॉवरची एक काडी येत नाही, तिथे ओटीपी आत पोचतो तो याच सोयीमुळे. म्हणजे ज्या हॉटस्पॉटने ओटीपी जातो म्हणतात, त्यावरूनच तिचा ओटीपी येत होता!

आता बँकेचं ॲप. लॅपटॉप या सगळ्यात काय करतो, तर एसटीच्या कंडक्टरचं काम. मुंबईला भाच्याकडे आंब्याची पेटी पाठवायची तर आपण ती सुतळीने बांधून, वर गोणपाट शिवून कंडक्टरच्या हवाली करतो. पेटी परळला उतरायची हे त्याला कळतं, वजनाचा अंदाज येतो. आत हापूस आहे की पायरी, ते शिवण उसवल्याशिवाय कळत नाही. बँकेचं ॲप आणि बँकेचा सर्व्हर आपापसात जे बोलतात ते फोनमध्येच शिवून बाहेर पडतं. त्या शिवणीचं नाव टीएलएस, तिची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड ९पासून तर त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपला उघडं बोलायचं असेल, तर तशी वेगळी मुभा घ्यावी लागते. गंमत अशी की तो मेसेज ज्या व्हॉट्सॲपवर आला, ते एप्रिल २०१६पासून टोकापासून टोकापर्यंत शिवलेलं आहे. मेसेज आला तोसुद्धा त्याच लॅपटॉपवरून, आणि लॅपटॉपला त्यातलं अक्षर कळलं नाही.

एवढं सांगूनही मावशी म्हणाली, “तू म्हणतेस, पण दिसत कुठे आहे?”

रास्त प्रश्न. म्हणून पायाला क्रेप बँडेज बांधून तिला लॅपटॉपसमोर बसवलं. लॅपटॉपवर वायरशार्क घातलं. जाळ्यातून जाणारं सगळं जसंच्या तसं दाखवणारं हे फुकट सॉफ्टवेअर आहे, नेटवर्कवाले रोज वापरतात. मावशीला म्हटलं, तुझं बँकेचं ॲप उघड आणि शिल्लक बघ. तिने आधी मला तोंड फिरवायला लावलं, मग पिन टाकला. स्क्रीनवर ओळी धावू लागल्या: वेळ, कुठून, कुठे, आणि पुढे ‘टीएलएस १.३, ॲप्लिकेशन डेटा’. तिच्या फोनचा पत्ता १९२.१६८.१३७ने सुरू होणारा, विंडोज हॉटस्पॉटवर देतं तसा. एका ओळीवर टिचकी मारली. खाली नुसती गिचमिड, आकडे आणि टिंबं.

“यात माझे पैसे कुठे आहेत?”

“हेच तर सांगते आहे. नाहीत.”

तिच्या फोनवर शिल्लक स्वच्छ दिसत होती. लॅपटॉपवर त्यातला रुपया दिसत नव्हता.

पण सगळंच झाकलेलं होतं असं म्हणणार नाही. बँकेच्या सर्व्हरचं नाव वाचता येत होतं. म्हणजे अमुक फोन अमुक वाजता अमुक बँकेकडे गेला, हे लॅपटॉपवाल्याला कळू शकतं. आणि एक फजिती झाली. मावशीने लगेहात रोजचं भविष्य उघडलं. ती साइट जुनी, पत्त्यात ‘एचटीटीपीएस’मधला एस नाही, म्हणजे पेटी न शिवताच दिलेली. तिची रास वृश्चिक आणि ‘वाहन जपून चालवा’ हे दोन्ही लॅपटॉपवर मला वाचता आलं. वाहन नाही, पाय जपायला हवा होता. तर अनोळखी माणसाच्या लॅपटॉपवरून नेट घेऊन अशा उघड्या साइटवर काही भरू नका, आणि ब्राउझर ‘प्रमाणपत्रात गडबड आहे’ म्हणाला तर ‘तरी पुढे जा’ दाबू नका, हे मान्य. इथे लॅपटॉप पोटच्या पोराचा आहे.

फोटोंचं म्हणाल, तर मेसेजमध्ये ‘माझ्या सुनेच्या लॅपटॉपमध्ये माझे फोटो दिसले’ असा कोणा काकूंचा अनुभव जोडलाय. दिसले असतील, मी खोटं म्हणत नाही. पण ते हॉटस्पॉटवरून उतरले नाहीत. बहुतेक वेळा फोनचं गुगल खातं कधीतरी त्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडलेलं असतं, किंवा व्हॉट्सॲप वेब चालू राहिलेलं असतं. तसं असेल तर लॅपटॉप पुण्यात आणि फोन राजापुरात असला तरी फोटो दिसतील, हॉटस्पॉट बंद असला तरीही. नुसतं नेट घेतल्याने फोन आपलं कपाट उघडून देत नाही. वायरने जोडला तरी तो आधी विचारतो, फाइली द्यायच्या का म्हणून. शंका असेल तर व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा आणि नको ते काढून टाका.

आता खरा विषारी मुद्दा: ‘विंडोजमध्ये सोय नाही, खालचं ॲप घ्या.’

सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतपानावर चार ओळींत लिहिलेली आहे: सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘मोबाइल हॉटस्पॉट’, कुठलं कनेक्शन वाटायचं ते निवडा (मावशीकडे ‘इथरनेट’, म्हणजे वायरवरचं), कशावरून वाटायचं ते निवडा (‘वाय-फाय’), नाव-पासवर्ड ठेवा आणि बटण चालू करा. आठ उपकरणं जोडता येतात. विंडोज १०ला ही सोय ऑगस्ट २०१६च्या अपडेटमध्ये आली आणि ११मध्येही आहे. मॅकवर ‘शेअरिंग’मध्ये ‘इंटरनेट शेअरिंग’ म्हणून असते. वेगळं काही उतरवायचं नाही, फोनवर तर नाहीच. फोनच्या दृष्टीने लॅपटॉप म्हणजे आणखी एक वाय-फाय.

अर्धसत्य इतकंच की पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. विंडोज ७वर काळ्या खिडकीत ‘नेटश’ची भलीमोठी आज्ञा टाइप करावी लागायची, ती चुकली की डोक्याला हात. त्यामुळे लोक बाहेरची सॉफ्टवेअरं घ्यायचे. ती लॅपटॉपवर टाकायची असत. या मेसेजातलं ॲप मात्र फोनवर टाकायला सांगतात. नेट देणार लॅपटॉप, आणि सॉफ्टवेअर घालायचं घेणाऱ्यात? विहिरीला पंप बसवायचा सोडून घागरीला बसवण्यातला प्रकार.

मी ती लिंक माझ्या जुन्या, सिम नसलेल्या, काहीही महत्त्वाचं नसलेल्या फोनवर उघडली. प्ले स्टोअर नाहीच, थेट एपीके, म्हणजे स्टोअरला वगळून फोनवर ॲप टाकायची फाइल. टाकल्या टाकल्या तिने काय मागितलं? एसएमएस वाचायची परवानगी. मग ‘ॲक्सेसिबिलिटी’, म्हणजे स्क्रीनवर काय आहे ते बघण्याची आणि तुमच्या वतीने बटणं दाबण्याची मुभा. नेट घ्यायला एसएमएस कशाला वाचायला हवेत? ओटीपी चोरीला जाईल अशी भीती घालणारा मेसेज शेवटी ओटीपी वाचणारं ॲप हातात देतो. लग्नाची पत्रिका म्हणून, आरटीओचं चलन म्हणून ज्या एपीके फाइली फिरतात, त्यांचाच हा भाऊ.

मावशीने ते टाकायचा प्रयत्न केला होता! फोनने ‘जागा नाही’ म्हणून नकार दिला. साडेतीन हजार सुप्रभात जमवलेत तिने. त्या सुप्रभातांना मी आजवर नावं ठेवली, आता ठेवणार नाही. तुमच्यापैकी कोणी टाकलं असेल तर आधी फोनचं नेट बंद करा, ते ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

कायद्याचं थोडक्यात. तीन वर्षांचा आकडा हवेतला नाही, २०२३च्या दूरसंचार कायद्यात तो आहे, पण परवानगी न घेता दूरसंचार सेवा पुरवणाऱ्यांसाठी. आईच्या फोनला घरातलं नेट देणारा मुलगा त्यात बसत नाही. पैसे घेऊन अख्ख्या वाडीला नेट विकलं तर केबलवाला आणि कायदा दोघेही विचारतील, ते वेगळं. एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते: आपल्या कनेक्शनवरून दुसऱ्याने उद्योग केले तर पोलीस आधी आपल्या दारात येतात. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं होतं, आणि घरच्या माणसाला चौकशीला तोंड द्यावं लागलं. म्हणून हॉटस्पॉटचा पासवर्ड नीट ठेवा. विंडोज किमान आठ अक्षरं मागतंच. मावशीकडे आठ एकांचा होता, तो बदलला.

रेडिएशनसाठी मेसेजने जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा हवाला दिलाय. २०११मध्ये त्या संस्थेने रेडिओलहरींना ‘२बी’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गोष्टींत टाकलं, हे खरं. त्याच गटात अख्ख्या पानाचा कोरफडीचा अर्कही आहे. मावशी रोज सकाळी अंगणातली कोरफड खाते, त्यावर मेसेज नाही. शिवाय रेंज कमी असते तेव्हा फोन टॉवरला जास्त जोर लावून हाका मारतो, म्हणजे त्या वडाखाली कानाला लावलेला फोन घरातल्या वाय-फायपेक्षा शांत नक्कीच नव्हता.

बॅटरी फुटण्याबद्दल बोलण्यासारखं नाही. लॅपटॉप थोडा तापतो. लॅपटॉप स्वतःच वाय-फायवर असेल आणि तेच पुढे वाटत असेल तर वेग बराच उतरतो, कारण एकच रेडिओ दोन्हीकडे बोलतो. मावशीकडे वायर असल्याने तोही प्रश्न नाही.

तिची खरी तक्रार निराळीच निघाली, आणि ती मेसेजात कुठेच नव्हती. पोरगा जेवायला उठताना लॅपटॉपचं झाकण लावतो, लॅपटॉप झोपतो, आणि लेकीशी चाललेला व्हिडिओ कॉल मध्येच तुटतो. सेटिंगमध्ये झाकण लावल्यावर ‘काही करू नका’ निवडता येतं, ते करून दिलं. मावशीचा सेटिंगवर विश्वास नाही. तिने कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवलंय: ‘झाकू नये. मी बोलत्ये.’