टायरवरचा ५१ हा हवा भरायचा आकडा नाही

'टायरवरचे आकडे वाचायला शिका' असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. तो वाचून मामांनी चारही टायरमध्ये ५१ पीएसआय हवा भरून घेतली, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

मेसेज म्हणतो, टायरवर 'मॅक्स प्रेशर ५१' छापलंय, तेवढीच हवा भरा, मायलेज वाढतं. अहो, ती टायर किती दाब सोसू शकतो त्याची कमाल मर्यादा आहे! टायर बनवणाऱ्याला तो कुठल्या गाडीला बसणार हेच ठाऊक नसतं. एकाच मापाचा टायर हलक्या गाडीलाही बसतो आणि जड गाडीलाही, मग हवा सारखी कशी असेल? ती गाडी बनवणारा ठरवतो आणि बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर लावून सांगतो. मामांच्या गाडीला ३३ लागते. दीडपट हवेने टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, पकड सुटते, मधली नक्षी आधी झिजते. मायलेज थोडं वाढतं, हे कबूल, कारण टायर कमी दबतो. पण गाडी थांबायलाही हवी ना?

आता टायरच्या बाजूवर छापलेलं माप, उदाहरणार्थ २०५/५५ आर१६ ९१व्ही. यातला २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मेसेज म्हणतो '५५ म्हणजे ५५ मिलिमीटर उंची', हे साफ चूक. संयुक्त राष्ट्रांच्या ३० क्रमांकाच्या टायर नियमावलीत व्याख्या सरळ दिली आहे: टायरच्या बाजूच्या उंचीला रुंदीने भागून शंभराने गुणायचं. म्हणजे २०५ चे ५५ टक्के, जवळपास ११३ मिलिमीटर. '५५ ऐवजी ६५ घेतला तर सेंटीमीटरचाच फरक' म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा: चाकाचा व्यास ४१ मिलिमीटरने वाढतो आणि स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी १०६ ने धावत असते.

'आर म्हणजे रेडियस' हेही नाही. आर म्हणजे रेडियल, टायरची बांधणी. १६ हा रिमचा व्यास, इंचात. ९१ हा वेग नव्हे, भाराचा निर्देशांक: एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो. कमाल वेग व्हीमध्ये आहे, ताशी २४० किलोमीटर.

मेसेजचा शेवटचा मुद्दा अर्धा बरोबर. टायरवर छापलेलं '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, हे खरं. पण ती टायर बनल्याची तारीख आहे. 'चार वर्षांनी बाद' असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. रबर जुनं होऊन कडक होतं, भेगा पडतात, म्हणून जुना टायर तपासून घ्यावा, एवढंच.

मामांच्या टायरची हवा काल सकाळी, टायर गार असताना, ३३ वर आणली. ज्या ग्रुपवरून मेसेज आला तिथे त्यांच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो टाकलाय.